शिळफाट्यावरचं बिरडं

लहानपणी मी फार समाधानी मुलगी होते, असं सगळ्या कर्जतचं मत होतं, आणि त्या मताशी माझंही काही भांडण नव्हतं. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेले, बारशाला गेले, की परत येताना माझ्या मागे बायकांचं बोलणं ऐकू येई, "मास्तरांची यमू बघा. पानात काही वाढू म्हणून देत नाही. हाव म्हणून नाही पोरीला." हे ऐकण्यासाठी मी चप्पल घालताना मुद्दाम रेंगाळत असे. आणि घरी आले की थेट स्वयंपाकघरात जाऊन, उभ्या उभ्या, सकाळची थंड भाकरी गुळाशी खात असे. त्या मुलीची आठवण झाली की मला आज तिच्या डोक्यात एक टपली मारावीशी वाटते.

आमचं घर स्टेशनाच्या मागच्या अंगाला होतं. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटायला कर्जतला जादा इंजिनं लावत. ती दिवसभर तिथं उभी राहून धापा टाकत आणि एखाद्या गाडीला रेटा द्यायची वेळ झाली की अशी शिटी देत की आमच्या फळीवरचे पितळी डबे एकमेकांच्या कानात काहीतरी सांगू लागत. नाना, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. शिकवताना शिटी झाली की ते वाक्य अर्ध्यावर सोडत आणि आवाज थांबला की पुढच्या शब्दापासून धरत. घरीही तसंच. त्यामुळे आमच्या घरातली सगळी महत्त्वाची वाक्यं मधोमध मोडलेली आहेत. आई अबोल. आणि घर चालवायची ती आत्या. नानांची थोरली बहीण, लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच विधवा होऊन माघारी आलेली. तांबड्या आलवणातली, किडकिडीत, आणि आवाज असा की इंजिनानेसुद्धा थोडं थांबून घ्यावं.

संध्याकाळी आत्या परातीत भिजलेले, मोड आलेले वाल घेऊन बसे, आणि मला समोर बसवी. वाल सोलायचे म्हणजे चिमटीत धरून दाबायचे. सालातून दाणा पुचकन् उडतो. माझे निम्मे दाणे परातीबाहेर जात आणि आत्या म्हणे, "यमे, हे बिरडं आपल्याला खायचंय, कोंबड्यांना नाही." बिरड्यावर माझा जीव होता. आत्याचं बिरडं गूळ-आमसुलाचं, वर ओलं खोबरं, कांदा-लसूण काही नाही, कारण तिला ते चालत नसे आणि दोन वेगळ्या भांड्यांत करायला तिला वेळ नसे. ती स्वतः सगळ्यांच्या मागून बसे, आणि भांड्याच्या तळाशी जे काही उरलं असेल ते आपल्या पानात निपटून घेई. तिला कुणी "वाढू का" असं विचारलेलं मला आठवत नाही. विचारणारी तीच होती ना.

आणि वाल सोलता सोलताच माझी शिकवणी चाले. आत्याचं शास्त्र असं, की परक्याच्या घरी पहिल्या बोलावण्याला खाणारी मुलगी म्हणजे उपाशी घरची मुलगी. समोरच्याने आग्रह केला पाहिजे, आणि आपण तो होऊ दिला पाहिजे. "पहिलं नको मान खाली घालून," आत्या परातीवर ताटली धरून शिकवी. "दुसरं नको पानावर हात आडवा धरून. तिसऱ्यांदा ती वाढायला आली की हात थोडा बाजूला घ्यायचा आणि म्हणायचं, बरं, अर्धंच." मग ती यजमानीण होई आणि मी पाहुणी. मी त्यात पुढे पुढे भरही घातली. पहिल्या नकोला एक बारीकसं हसू लावलं. दुसऱ्या नकोला, आत्ताच घरून पोटभर जेवून आलो आहोत असा एक उसासा लावला. अर्धंच म्हणून घेतलेलं नेहमी पुरतं असे, कारण वाढणाऱ्यांनाही हे शास्त्र पाठ होतं. गावात हे सगळेच करत. पण माझ्यासारखं सुबक नको कुणाचं नाही, अशी माझी खात्री होती.

तेरावं सरत आलं तशी आत्याची काळजी वाढली. दोन ठिकाणांहून नकार आले होते. एका ठिकाणी मी सावळी होते आणि दुसऱ्या ठिकाणी उंच. आत्या मला दळायला बसवताना वाकवून बसवी, न जाणो त्याने दोन बोटं कमी होईन. त्यात खालापूरचं स्थळ आलं. घर बरं, माणसं मोजकी, आणि मुलगा खोपोलीला विजेच्या घरात कारकून. घाटावरचं पाणी नळातून खाली सोडतात आणि त्यावर मुंबईचे दिवे लागतात, असं नानांनी आम्हाला समजावलं होतं. आत्याला ते पटलेलं नव्हतं, पण दिवे लावणारा जावई म्हणजे वाईट नाही, इतकं तिला पटलं. मुलाची आई गुडघ्यांनी अधू, प्रवास जमत नाही, म्हणून मुलगी घेऊन तुम्हीच या असा निरोप आला. आत्याने मला जवळ घेऊन सांगितलं, "यमे, हे तिसरं. हे गेलं तर लोक आपणहून विचारायचे थांबतील. काही बोलू नकोस, काही मागू नकोस. शिकवलंय तेवढं कर." मग तिने दोन्ही नको माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतली. मला वाटलं, माझ्या नकोवर हिचा एवढाही विश्वास नाही?

निघताना तिने मला खाऊ दिलं नाही. भरल्या पोटाने चेहरा सुस्त दिसतो म्हणे. आईची अंजिरी नऊवारी, तिचे काठ पायात येत होते, अंबाड्यात अबोली, आणि पोटात चमचाभर दूध. पळसदरीला गाडी थांबली तेव्हा एक ठाकरीण डोक्यावर पळसाच्या पत्रावळींचा भारा घेऊन डब्यात चढली आणि माझ्या शेजारी बसून चिंचेची बोटुकं खात राहिली. मलाही तिने एक पुढे केलं. मी नको म्हटलं, हसून. तिने ते आपल्या तोंडात टाकलं आणि खिडकीबाहेर बघू लागली. हा इशारा होता. पण मी शहाणी होते ना. मला तो कळला नाही.

खालापूरच्या घरी मुलगा नव्हता. मुलगा कामावर, आणि बघण्याचं काम आईचं. बाई अंगाने स्थूल, पाटावर पाय लांब करून बसलेल्या, चेहऱ्याने प्रेमळ. त्यांनी मला नाव विचारलं, रांधता काय काय येतं ते विचारलं, एक स्तोत्र म्हणायला लावलं. ते मी एका श्वासात म्हणून टाकलं, मधे श्वास घेतला असता तर पोटातला आवाज ऐकू आला असता. मग त्या मुलाचं कौतुक सांगू लागल्या. "आठवडाभर खोपोलीला असतो. पण जेवण काकांकडेच हो. बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही माझा मुलगा." नानांनी मान डोलावली. मग ताटली आली. ओल्या नारळाच्या करंज्या, कडेला पोहे. नाना तर मुलगी द्यायची त्या घरचं खाणार नव्हते, तो रिवाजच. माझ्यापुढे ताटली आली.

"घे गं, लाजू नकोस."

"नको." मान खाली, हसू.

"अगं घे की, एवढीशी तर करंजी."

"नको." हात आडवा, उसासा.

आणि मी तिसऱ्याची वाट पाहू लागले. माझा हात बाजूला सरायलाही लागला होता. करंजीच्या मुरडीतून सारण दिसत होतं, वेलचीचा वास येत होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं, "बरं बाई," म्हणाल्या, आणि ताटली फडताळात ठेवून दिली. त्या फडताळाच्या दाराला तेल हवं होतं. त्याची कुरकुर मला आजही ऐकू येते.

परत निघालो तेव्हा ऊन चढलेलं होतं. दुपारची गाडी चुकली होती, पुढची संध्याकाळी. बैलगाडी हिसके देत चाललेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुललेला, आणि मला तो पळस काही दिसत नव्हता. मला करंज्या दिसत होत्या. गाडीवान तेवढा बैलांशी बोलत होता, आणि त्याचं बैलांशी जेवढं जमत होतं तेवढं आम्हा बापलेकीचं जमत नव्हतं.

शिळफाट्याला मुंबई-पुण्याचा रस्ता लागतो. तिथं गाड्या सोडलेल्या असत, बैल रवंथ करत बसलेले असत, क्वचित एखादी मालाची मोटार धूळ उडवत थांबे आणि सगळी माणसं तिच्याभोवती जमत. तिथंच चांगुणाबाईची खाणावळ होती. पाटी नाही, काही नाही. कुडाच्या भिंती, पेंढ्याचं छप्पर, पुढे सारवलेला लांब ओटा. पण तिला पाटीची गरजही नव्हती. अर्ध्या रस्त्यापासून वास येत होता. बिरड्याचा. लसणाची फोडणी, वाटलेलं खोबरं, आणि चुलीवर भाजलेल्या तांदळाच्या भाकरीचा तो किंचित जळका वास. माझ्या पोटातून असा आवाज आला की बैलाने कान टवकारले.

"मास्तर," गाडीवान म्हणाला, "बैलांना पानी दावतो. तुमी बी दोन घास खावा. चांगुनाबायचं बिरडं खाल्ल्याबिगर हितनं कोन पुढं जात नाय."

नानांनी ओट्याकडे पाहिलं. चूल आगरी बाईची, पंगतीत दहा जातींची माणसं, आणि आमच्या घरात त्या वेळी दुसऱ्याच्या विहिरीचं पाणीही विचारून घेत. खाणावळीत जेवणारी बाई तर मी जन्मात पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "प्रवासात चालतं." थोडं थांबून म्हणाले, "आत्याला..." तेवढ्यात खोपोलीकडून शिटी ऐकू आली आणि ते वाक्य तिथंच राहिलं. पण मला ते पुरतं कळलं.

बायका तिथं येतच नसत, त्यामुळे बायकांसाठी वेगळी जागाही नव्हती. नानांनी मला पंगतीच्या टोकाला, आपल्या आणि भिंतीच्या मधे बसवलं. समोरच्या ओळीत गाडीवान, हमाल, दोन रेल्वेवाले, आणि अगदी आमच्यासमोर एक तरुण माणूस, कोट खुंटीला अडकवून, बाह्या दुमडून, खाली मान घालून जेवणारा. पळसाची पत्रावळ आली, पत्रावळीशेजारी एक द्रोण आला. मीठ आलं, कांद्याची फोड आली, लोणच्याची फोड आली. आणि मग कमरेला पदर खोचलेल्या चांगुणाबाई बिरड्याचं पातेलं काखेत धरून आल्या. बाई ठेंगण्या, रुंद, घामाने कपाळ चमकणारं. पळी वर, माझ्याकडे बघून, "बिरडं?"

"नको," मी म्हटलं. मान खाली, हसू.

पळी पुढे गेली. मला वाटलं, नानांना वाढून वळून येतील.

"बिरडं, मास्तर?"

"राहू द्या, राहू द्या," नाना म्हणाले. नानाही आमच्याच घरातले ना.

पळी त्यांच्याही पुढे गेली. मग भाकरीची टोपली आली. "भाकर?" मी नको म्हटलं, नाना राहू द्या म्हणाले. मग भाताचं भांडं आलं. नको. राहू द्या. आता सांगायला हसू येतं, पण त्या वेळी जीभ माझ्या ताब्यातच नव्हती. डोकं म्हणत होतं, हो म्हण गं बये, हो म्हण, आणि तोंडातून नको सुटत होतं, तेही हसून, उसाशासकट. सगळी पंगत जेवत होती, बोटं चाटत होती, भुरके मारत होती, आणि आम्ही दोघं बापलेक मीठ, कांदा आणि लोणच्यापुढे, कुणाच्या तरी श्राद्धाला बसल्यासारखे, हात मांडीवर ठेवून तिसऱ्या आग्रहाची वाट बघत होतो.

समोरच्या तरुणाने एक कोरा द्रोण पुढे केला. "मावशी, वाढा. भरपूर वाढा."

चांगुणाबाईंनी पातेलं तिरपं केलं, तळ खरवडला, खरपुडीसकट सगळं त्या द्रोणात रिचवलं आणि पातेलं पालथं करून दाखवलं. "सपलं बिरडं. आता रातच्यालाच."

"मला पाहिजे होतं!"

हे कोण ओरडलं म्हणून मीही इकडे तिकडे पाहिलं. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. माझा हात त्या द्रोणाकडे दाखवत हवेत होता. म्हणजे मीच असणार.

चांगुणाबाई पातेलं कमरेवर टेकून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "मंग बोललीस का नाय गं? मी इचारलं ना, बिरडं?"

"तुम्ही परत विचारलंच नाहीत!"

"परत? परत कशाला इचारू? नको बोललीस ना तू?"

"पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आवाज काही केल्या खाली येत नव्हता. "दुसऱ्यांदापण!"

"आगं बाय माजे," चांगुणाबाई म्हणाल्या. "ही एवढी मानसं हायती. एकेकाला तीनतीनदा इचारत बसले तं माजी भाकर तव्यावर जळंल. हितं नको तं नको, पायजे तं पायजे. तोंड दिलंय ना देवानं?" मग नानांकडे वळून, "आनि मास्तर, तुमी बी तसलेच?"

पंगत हसली. एक हमाल ठसका लागेपर्यंत हसला. नाना लाल झाले. आणि मग नानांनी, शाळेत मुलांकडून नीट उत्तर काढून घेण्याच्या सुरात, स्वतःकडूनच उत्तर काढावं तसं स्पष्ट सांगितलं, "मला भाकरी पाहिजे. दोन. आणि भात पाहिजे."

समोरच्या तरुणाने आपला द्रोण उचलून चांगुणाबाईंपुढे धरला. "मावशी, हे तिला द्या. हात लावलेला नाही अजून." बाईंनी तो घेऊन माझ्या पत्रावळीवर ठेवला आणि भाकरी अशी फेकली की तिची वाफ माझ्या तोंडावर आली. मी त्या माणसाकडे पाहिलंसुद्धा नाही. आभार मानायचे असतात हे आत्याने शिकवलं होतं, पण ते तिसऱ्या आग्रहानंतरचं, आणि तिसरा आग्रह झालेलाच नव्हता. मी जेवले. हिरवी मिरची, लसूण, वाटलेलं खोबरं, गुळाचा पत्ता नाही, वाल मऊ आणि तरी अख्खे, आणि तळाची ती खरपुडी. नंतर मी मोठमोठ्या पंगतींत जेवले, नातवाने परवा रस्त्यावरच्या एका चकचकीत हॉटेलात नेलं तिथंही जेवले. तिथं दारात बैलगाडीचं चाक टांगलेलं होतं आणि घरगुती जेवणाची पाटी होती, आणि बिरडं वाटीभर पाण्यात पोहत होतं. शिळफाट्यावरचं बिरडं आत्याच्या बिरड्यापेक्षा चांगलं होतं. लिहून टाकलं एकदाचं. आत्या आता रागवायला नाही.

मी दुसरी भाकरी मोठ्याने मागून घेतली तेव्हा चांगुणाबाई त्या तरुणाला म्हणत होत्या, "बत्तीवाले, आज हितं कसे? आज खालापुराला तुमची मुलगी बगायची व्हती ना?"

"आई बघतेय," तो म्हणाला. "माझं काय काम तिथं? कर्जतची आहे म्हणे. फार शांत मुलगी आहे म्हणतात."

नानांचा घास हातातच राहिला. माझाही राहिला, पण मी तो तोंडात घातला, कारण गरम होता. नानांनी त्या तरुणाकडे पाहिलं. तरुणाने नानांचा मास्तरी फेटा पाहिला, माझी अंजिरी नऊवारी पाहिली, अंबाड्यातली कोमेजलेली अबोली पाहिली, आणि माझ्या हनुवटीवरचं बिरडं पाहिलं. त्याचा चेहरा आधी हसरा झाला आणि मग एकदम पांढरा पडला. मला वाटलं, संपलं. तिसरंही गेलं. आत्याचं ते "हे तिसरं" आठवलं, आणि मी हातातली भाकरी पत्रावळीवर ठेवली. मग मला त्याच्या आईचं बोलणं आठवलं. बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही माझा मुलगा. माझ्या डोक्यात कधी नव्हे तो प्रकाश पडला, विजेच्या घराच्या इतका जवळ बसल्यामुळे असेल. त्याचा रंग माझ्यामुळे उडाला नव्हता. तो नानांना घाबरला होता.

नाना हात धुवायला उठले, तोही उठला. रांजणापाशी दोघं शेजारी उभे होते, आणि मी कान टवकारून होते.

"इकडचं पाणी चांगलं आहे," नाना म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "पण आईला सांगण्यासारखं नाही."

"आमच्याकडेही एक बहीण आहे," नाना म्हणाले.

बस्स, एवढंच. पण दोघांनीही हात जरा जास्तच वेळ धुतले.

संध्याकाळच्या गाडीत नाना बराच वेळ चष्मा पुसत बसले. पळसदरी यायच्या आत ते म्हणाले, "यमू, एक विचारतो. त्या खाणावळीतल्या बाईंसारखं, एकदाच. हे स्थळ तुला हवं की नको?"

मुलीला असं कुणी विचारत नसे. आमच्या ओळखीत तरी कुणी विचारलेलं ऐकलं नव्हतं. उत्तर कसं द्यायचं ते आत्याने शिकवलेलं नव्हतं, कारण प्रश्न येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. जिभेवर नको आलंच होतं, मान खाली जायला लागली होती, हसू जमायला लागलं होतं. मी मान वर केली. भरलेला द्रोण न विचारता पुढे करणारा माणूस आठवला.

"पाहिजे," मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्याने. समोरच्या बाकावरची म्हातारी दचकली.

नाना खिडकीबाहेर बघत हसले. इंजिनाने शिटी दिली नाही, त्यामुळे हे संभाषण तेवढं अख्खं राहिलं.

पंधरवड्याने खालापूरहून निरोप आला. मुलगी पसंत. आणि पुढे, आमच्या होणाऱ्या सासूबाईंचे शब्द, जसेच्या तसे: मुलगी फार समाधानी, दोनदा आग्रह केला तरी करंजीला हात लावला नाही. आत्याने तो निरोप ओटीवर बसून आल्यागेल्याला ऐकवला. "शिकवण लागते," ती म्हणे, माझ्याकडे बघून. मी मान खाली घालून हसले. ते हसणं मात्र शिकवलेलं नव्हतं.

लग्नाच्या जेवणात, रिवाजाप्रमाणे, मला ह्यांच्या पानात जेवायला बसवलं. ह्यांचं नाव मी अजून लिहीत नाही, आणि आता या वयात सुरुवातही करणार नाही. बायका उखाण्यासाठी ओरडत होत्या. ह्यांनी द्रोण माझ्याकडे सरकवला आणि ओठ न हलवता म्हणाले, "या वेळी हात लावलेला आहे." मी इतकी हसले की उखाणा अर्ध्यावर मोडला, आणि सगळ्या बायकांनी ते लाजणं समजून घेतलं. सासरी दुसऱ्या दिवशी सासूबाई पळी घेऊन माझ्यापुढे आल्या. "बिरडं वाढू?" पडवीतून ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "हो, वाढा." पळी हवेत थांबली. मला वाटलं, आता बहुधा कर्जतला परत. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला तिसऱ्यांदा विचारायचं अगदी जिवावर येतं. गुडघे दुखतात गं वाकून." तर ती करंजी फडताळात गेली होती ती गुडघ्यांपायी!

पुढच्या फाल्गुनात आत्या पहिल्यांदा माझ्याकडे आली. खोपोलीला आम्ही तोवर बिऱ्हाड केलं होतं. नानांनी तिला सोडलं आणि ते ह्यांच्याबरोबर कुठंतरी गेले. कुठं ते मला ठाऊक होतं, शिळफाटा काही लांब नाही. मी आदल्या दिवसापासून वाल भिजवले होते, तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात, गूळ-आमसुलाचे, कांदा-लसूण न लावता. एकटीने सोलले, एक दाणा बाहेर जाऊ दिला नाही. सोवळ्याने रांधलं. तिला पाटावर बसवलं, रांगोळी घातली, पान मांडलं, आणि पळी घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला वाढत होतं.

"बिरडं, आत्या?"

"नको गं," आत्या म्हणाली. मान खाली. आणि काय सुबक नको! माझं नको तिच्यापुढे काहीच नव्हतं.

मी पुढे गेले. माझ्यातली कार्टी कुठं जाणार? भांडं चुलीपाशी ठेवलं, भाकरी उलटली, पाठ फिरवून उभी राहिले. आत्या दुसऱ्या नकोसाठी हात आडवा धरून वाट बघत असणार. माझा जीव कासावीस झाला. पण मी वळले नाही. भाकरी फुगली, खाली बसली. बाहेरून विजेच्या घराची घरघर ऐकू येत होती. मग पाठीमागून, इतक्या हळू की मला आधी कळलंच नाही, आवाज आला.

"यमे."

"काय गं?"

"वाढ की गं मेले. पाहिजे मला."

मी वाढलं. तिने खाल्लं, मी पुन्हा वाढलं. तिसऱ्यांदा तिने आपणहून पान पुढे सरकवलं, आणि त्या दिवशी आमच्या भांड्याच्या तळाशी काहीच उरलं नाही.